दुसरा मोजा

स्वेटरबाईंनी आयुष्यात एकही मोजा विणला नव्हता. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. वय अडुसष्ट, त्यातली साठ वर्षं हातात सुया, आणि गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या अंगावर यांचे स्वेटर. त्यांचं खरं नाव काय ते खाली राहणाऱ्या शिंप्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. स्वेटरचा नुसता गळा बघून त्या सांगायच्या, हा मशीनचा की हाताचा, आणि हाताचा असेल तर विणणारीचं त्या दिवशी घरात भांडण झालं होतं की नाही. शेवटचं थोडं फुगवून सांगायच्या, पण फार नाही.

मोजे न विणण्यामागे कारण होतं, आणि ते कारण म्हणजे ताई. लहानपणी दोघी बहिणी एकाच टोपलीतल्या लोकरीवरून रोज एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. वैतागून आईने एके दिवशी वाटणी करून टाकली. मोजे मोठीने विणायचे, स्वेटर धाकटीने. आई गेली, घर गेलं, टोपलीही गेली, वाटणी मात्र टिकली. पुढे ताईचं लग्न पोस्टमनशी झालं. दिवसाला दहा-बारा मैल चालणारा माणूस, त्यामुळे ताईच्या सुयांना उसंत नव्हती. धाकटीचं लग्न करायचं राहून गेलं, आणि तिच्या स्वेटरांचा पसारा वाढत गेला.

ताईचा हात वेगळा होता. ती सुईवर लोकर उलट्या बाजूने घ्यायची. शाळेतल्या विणकामाच्या बाईंनी पट्ट्या मारल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे तिचा प्रत्येक सुलट टाका तळाशी पीळ खाऊन बसायचा, पायावर पाय टाकून बसल्यासारखा. हजार मोज्यांत तिचा मोजा ओळखू आला असता. एकदा तिने हौसेने धाकटीच्या पायाचं माप घेतलं होतं. धाकटी फटकन म्हणाली, "तुझ्या पिळाच्या टाक्यांचे मोजे मला नकोत. टोचतात." ताईने मापाचा दोरा गुंडाळून ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

ताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा एका दुपारी भाची आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मावशी, बाबांसाठी एक मोजा विणून दे."

"एक?"

"एकच. आईने शेवटची जोडी घेतली होती ना विणायला, विटकरी रंगाची. त्यातला एक झाला होता. तो बाबांनी शोधून काढलाय आणि उजव्या पायात घातलाय. डावा पाय उघडा. विकतचा घालू देत नाहीत, पांघरूण घालू देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, पाय गार पडू देऊ नका. मी काय करू सांग. दुसरा मोजा आईने अर्धा विणला होता, मला चांगलं आठवतं. तो कुठे गेला, देव जाणे."

देवच कशाला, स्वेटरबाईसुद्धा जाणत होत्या. ताईच्या वस्तू आवरताना तो अर्धा मोजा, टाचेपर्यंत आलेला, सुयांसकट त्यांच्याच हाती लागला होता. चांगली लोकर वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी सुया ओढून काढल्या, मोजा उसवला, उरलेल्या लोकरीसकट गुंडा केला, आणि त्या लोकरीची दुमडती कॉलर आणि बाह्यांच्या कडा आपल्या राखाडी स्वेटरला लावल्या. विणणारी बाई कुणाचंही अर्धं काम बघते तेव्हा तिला लोकर दिसते, माणूस दिसत नाही. ही खोड त्या जमातीतच आहे. भाची बोलत होती तेव्हा तो स्वेटर त्यांच्या अंगात होता. त्यांचा हात आपसूक कॉलरवर गेला.

"देते विणून," त्या म्हणाल्या. "मोजा म्हणजे काय, एक नळी. मी तर तीन-तीन नळ्या जोडते."

दुसऱ्या दिवशी त्या बसने भाचीकडे गेल्या. मागच्या खोलीत भावोजी उशांना टेकून पडले होते. उजव्या पायात विटकरी मोजा, डावा पाय पांघरुणाबाहेर. स्वेटरबाई पलंगाशी वाकल्या. आयुष्यभर चाललेला पाय, नखं पिवळी, बोटं निळसर. हात लावला तर फरशीसारखा गार.

"भावोजी, तो मोजा जरा काढून द्या. नमुना बघते आणि लगेच परत घालते."

"काढायचा नाही," भावोजी म्हणाले. "काढला की हरवतो. दुसऱ्याचं काय झालं बघितलंस ना?"

चोराच्या मनात चांदणं. स्वेटरबाईंनी चष्मा पुसला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून त्या पायात घातलेलाच मोजा वाचू लागल्या. टाके मोजले: चौसष्ट. वरची पट्टी एक सुलट एक उलट, अठरा ओळी. मग साधी नळी. टाचेशी मात्र त्यांची गाडी अडली. ताईने टाच अशी काही वळवली होती की टाके कुठे कमी केले आणि कुठे उचलले ते कळेना, शिवण म्हणावी तर शिवण नाही. स्वेटरला टाच नसते. साठ वर्षांच्या अनुभवाचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

"डावा पाय का झाकू देत नाही, विचार ना," भावोजी हळूच म्हणाले.

"का?"

"ती माप घ्यायला येते. दुपारी. दोरा गार लागतो."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण परतताना बसमध्ये त्यांनी आपले पाय सीटखाली ओढून घेतले.

लोकरीच्या दुकानात त्यांची ऊठबस जुनी. दुकानदारीण त्यांना बघताच सुयांचा खण उघडायची. आज मोज्यांचे नमुने मागितले तेव्हा ती हसली. "तुम्ही? मोजे? आज सूर्य कुठून उगवला?" तिने पुस्तिकांचा ढीग पुढे टाकला. कुणी चवड्याकडून सुरुवात करून वर जायला सांगत होतं, कुणी वरून खाली. एक बिनटाचेचा, नुसता पिळाचा. एक वेण्यांच्या विणीचा, बघताच डोळे फिरतील असा. स्वेटरबाईंचा हात अर्थातच त्यावर गेला. पहिलाच मोजा असला म्हणून काय, साधा विणायचा? लोक काय म्हणतील?

दोन दिवसांत गर्वाचं घर खाली झालं. त्यांनी नमुन्याचा तुकडा विणून बघितला नाही, माप धरलं नाही, सरळ सुरुवात केली. वेण्यांनी नळी अशी आवळली की तिच्यात बाहुलीचा पाय गेला असता. तो मोजा त्यांनी पिशवीत कोंबला आणि पिशवी पलंगाखाली.

मग शहाण्यासारख्या पुन्हा दुकानात गेल्या आणि सगळ्यांत साधा नमुना निवडला. वरून खाली जाणारा, चौसष्ट टाक्यांचा, टाचेला पट्टी असलेला, पुढे निमुळता. शेवटी आठ टाके उरले की त्यांतून धागा ओवायचा आणि ओढून मोजा बंद करायचा. ताईचाच नमुना, फक्त कागदावर छापलेला. विटकरी लोकर मात्र दुकानात नव्हती. तो रंग येणं कधीच बंद झालं होतं.

घरी येऊन त्यांनी स्वेटर काढला आणि कॉलर उसवली. उसवलेली लोकर कुरळी झाली होती. ती भिजवून, खाली वजनाला वाटी बांधून खिडकीत वाळत टाकली. सरळ झाली तेव्हा तिला ताईच्या कपाटाचा वास येत होता. तीन वर्षं आपल्या मानेभोवती होती, तेव्हा हा वास कसा आला नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. बाह्यांच्या कडा त्यांनी तशाच राहू दिल्या. कॉलरची लोकर पुरेल असा अंदाज होता.

पाच सुया. चार सुयांवर सोळा-सोळा टाके, पाचवीने विणायचं. पट्टी झाली, नळी सुरू झाली. काम पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही, हा स्वेटरबाईंचा नियम होता. भाचीलासुद्धा त्या "चाललंय" याच्या पलीकडे काही सांगत नव्हत्या.

आठवड्याने भेटायला गेल्या तेव्हा भावोजी म्हणाले, "पट्टी झाली वाटतं. आता खाली येतेय. आज तीस ओळी."

त्या दिवशी तीसच ओळी झाल्या होत्या. स्वेटरबाई स्वयंपाकघरात गेल्या. "तू त्यांना काही सांगितलंस?"

"मला तरी तू कुठे काय सांगतेस?" भाची म्हणाली.

बोलाफुलाला गाठ पडली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तरी पुढच्या वेळी निघण्याआधी त्यांनी मुद्दाम दहा ओळी उसवल्या. खोलीत शिरल्या तर भावोजींचा चेहरा ओढलेला.

"आज मागे गेला," ते म्हणाले. मग मान वळवून त्यांनी स्वेटरबाईंकडे सरळ पाहिलं. "धाकटे, उसवायची ही तुझी खोड वाईट. मागच्या वेळी उसवलास, तेव्हापासून तीन वर्षं हा पाय गार आहे."

ही गोष्ट स्वेटरबाईंनी कुणालाच, अगदी आरशालासुद्धा सांगितली नव्हती. "चुकलं माझं, भावोजी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला ती नुसती लोकर दिसली."

"तिला माहीत आहे. ती चिडलेली नाही." भावोजींनी डोळे मिटले. "म्हणते, दुसरा झाला की निघू. एका मोज्याने कसं चालणार? वाट लांब आहे."

स्वेटरबाई घरी आल्या आणि त्यांनी सुया खाली ठेवल्या. मोजा टाचेपर्यंत आला होता. ताईचाही इथेच राहिला होता. पुढे विणायचं म्हणजे काय, हे आता स्पष्ट होतं. विणला तर भावोजी जाणार. नाही विणला तर तो पाय तसाच, निळा, उघडा. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या बारशाला, कुणाच्या परदेशगमनाला, कुणाच्या आजारपणाला विणून दिलं होतं, पण विणणं म्हणजे कुणाला निरोप देणं, असं काम कधी अंगावर घेतलं नव्हतं. त्यांना ताईचा राग आला. जिवंतपणी कधी मदत मागितली नाहीस, आणि आता हे मागतेस?

आठ दिवस त्यांनी टोपलीवर फडकं टाकून ठेवलं. नवव्या दिवशी भाचीच आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"बाबा झोपत नाहीत. पाय दुखतो म्हणून कण्हतात. मी हातात धरून बसते, तरी ऊब येत नाही. म्हणतात, टाचेशी अडलंय. मावशी, तू का थांबलीस?"

मग मात्र स्वेटरबाईंनी सगळं सांगितलं. उसवलेला मोजा, कॉलर, तीस ओळी, आणि निघायची गोष्ट. भाची हसेल किंवा चिडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसता मावशीच्या स्वेटरवर, उसवलेल्या कॉलरच्या जागी हात ठेवला.

"मला बाबा हवेत," ती शेवटी म्हणाली. "पण असे कण्हत नकोत ग. विण तू."

"मला टाच येत नाही," स्वेटरबाई म्हणाल्या. ही सबब होती आणि खरंही होतं. छापील नमुना त्यांनी दहादा वाचला होता, दहादा चुकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मोजा मांडीवर, नमुना समोर. ऊन पायांवर आलं होतं. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. तेवढ्यात डोळा लागला.

जाग आली तेव्हा मशीन बंद होतं आणि ऊन भिंतीवर चढलं होतं. मांडीवरच्या मोज्याला टाच होती.

टाचेची पट्टी झालेली, टाच वळलेली, तिच्या दोन्ही कडांचे टाके उचललेले. स्वेटरबाईंनी मोजा उजेडात धरला. वरची नळी त्यांच्या हातची, टाके सरळ, शाळेतल्या मुलींसारखे रांगेत. टाचेपासून पुढे प्रत्येक टाका पायावर पाय टाकून बसलेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ताईची मेल्यावरही गेली नव्हती.

त्यांनी आपले हात बघितले. डाव्या तर्जनीवर लोकरीचा वळ उमटला होता. त्या स्वतः लोकर उजव्या हातात धरायच्या. डाव्या बोटावर धरायची ती ताई.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडून कुणाला बोलावणार, शिंप्याला? त्यांनी धाग्याचं टोक चिमटीत पकडलं. एक झटका दिला की टाच गेली असती, आणि भावोजी राहिले असते. किती दिवस, ते ठाऊक नव्हतं, पण राहिले असते. चिमटी तशीच धरून त्या बसून राहिल्या. मग त्या गार पायाची त्यांना आठवण झाली, आणि मापाचा दोरा गुंडाळून ठेवणाऱ्या ताईची. त्यांनी टोक सोडलं, डोळे पुसले आणि पाचवी सुई उचलली.

पाऊल त्यांनी स्वतः विणलं, पूर्ण जाग्या राहून, कडक चहाच्या जोरावर. टाचेनंतर पुन्हा त्यांचे सरळ टाके सुरू झाले. चवडा निमुळता होत गेला. चौथ्या दिवशी आठ टाके उरले. त्यांनी त्यांतून धागा ओवला आणि ओढला. लोकर बरोबर पुरली. वीतभर उरली होती, ती त्यांनी टोपलीत टाकली.

भावोजी जागेच होते. त्यांनी मोजा हातात घेतला, तळव्यावर फिरवला आणि बोटांनी चाचपला. आयुष्यभर पाकिटं चाचपलेली ती बोटं. "वर तू, टाच तिची, पुढे पुन्हा तू," ते म्हणाले. "बरं झालं. दोघींचं कधी एकत्र काही झालं नव्हतं."

भाचीने मोजा पायात चढवला. भावोजींनी दोन्ही पाय जुळवले, बोटं हलवली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पांघरूण स्वतः पायांवर ओढून घेतलं.

स्वेटरबाई निघाल्या तेव्हा त्यांनी हाक मारली. "धाकटे, तुझा पाय लहान. छप्पन्न ना?"

"काय छप्पन्न?"

पण भावोजींचा डोळा लागला होता.

सकाळी भाचीचा फोन आला. ती रडत होती, पण आवाजात काहीतरी सैल झालं होतं. "चहा घेऊन गेले तर… बाबा झोपेतच गेले, मावशी. मी पाय धरून बघितले. दोन्ही गरम होते ग."

पुढचे पंधरा दिवस स्वेटरबाई सुयांच्या वाटेला गेल्या नाहीत. येणारा-जाणारा विचारायचा, त्या म्हणायच्या, डोळे दुखतात. सोळाव्या दिवशी थंडी पडली, म्हणून त्यांनी तोच राखाडी स्वेटर अंगात घातला, कॉलर नसलेला, आणि जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या. ऊन पायांवर आलं. मशीन खालून घरघरत होतं.

जाग आली ती मनगटाला काहीतरी हुळहुळल्यामुळे. डाव्या बाहीची विटकरी कड उसवायला लागली होती. तिच्यातून धागा निघून मांडीवर आला होता, आणि मांडीवर सुया होत्या. पाच. त्यांनी टाके मोजले, मोजायची गरज नव्हती तरी. चौदा, चौदा, चौदा, चौदा. छप्पन्न. पट्टीची पहिली ओळ झाली होती, आणि तिच्यातला प्रत्येक सुलट टाका पायावर पाय टाकून बसला होता.

धागा ओढला असता तर एका क्षणात सगळं सुटलं असतं. त्यांनी ओढला नाही. उलट, गुंता होऊ नये म्हणून बाही जरा सैल केली, घरातल्या सपाता काढल्या आणि आपले लहानसे पाय उन्हात लांब केले.

"नाही टोचणार ग, तेव्हा उगाच बोलले," त्या म्हणाल्या. "पण सावकाश विण, ताई. मला घाई नाही."